बाजारात कन्नड आली, तशीच इंग्रजी येईल: सीमाभागातल्या अगदी नवशिक्यांना शिकवण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरात इंग्रजीचा विषय निघाला की पन्नाशीच्या काकू म्हणतात, "आमच्या डोस्क्यात आता काय शिरतंय?" याच काकू आठवड्याच्या बाजारात "एष्ट री?" (किती हो?) असं विचारतात, दर पटला नाही तर "ब्याड" म्हणून पुढं सरकतात आणि परतीच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कन्नडमध्ये वाद घालतात. त्यांच्या हातात कन्नड व्याकरणाचं पुस्तक कुणी दिलं नव्हतं. गरज पडली, कानावर पडत गेलं, दोन-चार शब्दांनी सुरुवात झाली, समोरच्यानं समजून घेतलं आणि भाषा अंगवळणी पडली.

सीमाभागात शिकवणाऱ्याच्या हाती हे फार मोठं भांडवल आहे. इथल्या माणसानं एक दुसरी भाषा आधीच मिळवलेली आहे. ती ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं इंग्रजी आणायची, एवढंच आपलं काम. पुढची पद्धत त्यासाठी आहे. सुनेनं सासूला, कॉलेजच्या मुलानं गल्लीतल्या चार जणांना किंवा बचत गटातल्या एखादीनं बाकीच्या बायकांना शिकवायचं ठरवलं, तरी ती वापरता येईल. शिकवणाऱ्याला फर्डं इंग्रजी यायलाच हवं असं नाही. दहावीपर्यंतचं नीट येत असलं आणि धीर असला तरी पुरतं.

आधी विचारा: इंग्रजी कुठं अडते?

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. प्रत्येकाला विचारा, इंग्रजी नेमकी कुठं आडवी येते? उत्तरं वेगवेगळी येतात. वडगावातल्या मागवाल्याला साडीच्या ऑर्डरचे मेसेज वाचायचे असतात. खानापूरकडच्या पोराला चोर्ला घाट उतरून गोव्यात हॉटेलात कामाला जायचं असतं. उद्यमबागेतल्या कामगाराला मशीनवरच्या पाट्या कळायला हव्या असतात. पुण्यात किंवा बेंगळूरला लेक दिलेल्या आजीला नातवंडांशी बोलायचं असतं. औषधाची पट्टी, बँकेचा मेसेज आणि कस्टमर केअरचा फोन या तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून येतात.

प्रत्येकाच्या नावानं वहीचं एक पान करा आणि त्यावर त्याच्या तीन जागा लिहा. तोच त्याचा अभ्यासक्रम. लहान मुलांचं 'ए फॉर ॲपल'चं पुस्तक मोठ्या माणसापुढं ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या झेब्र्याचा आणि जहाजाचा त्याच्या दिवसाशी काही संबंध नसतो आणि पोराटोरांच्या रांगेत बसवल्याची भावना मात्र मनात राहते.

त्याच दिवशी आणखी एक विचारून घ्या: कुणाला कोणती लिपी येते? इथं एकाच खोलीत मराठी शाळेत शिकलेली, कन्नड शाळेत शिकलेली आणि अजिबात शाळा न पाहिलेली अशी तिन्ही माणसं असतात. जिला कन्नड अक्षरं सोपी वाटतात तिनं इंग्रजी शब्द कन्नड अक्षरांत लिहून घ्यावा. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी चित्र किंवा खरी वस्तू ठेवा. सगळ्यांनी देवनागरीतच लिहावं असा आग्रह धरला, तर पहिल्या आठवड्यातच दोन-तीन जणी गळतील.

पहिली पायरी: तोंडात आहेत ते शब्द मोजा

दुसऱ्या बैठकीत मोठा कागद भिंतीला चिकटवा आणि म्हणा, "आपण रोज जे इंग्रजी शब्द बोलतो ते सांगा." सुरुवातीला सगळे गप्प बसतात. मग तुम्हीच घरातून फेरी सुरू करा. स्वयंपाकघरात काय काय आहे? गॅस, कुकर, मिक्सर, फ्रीज, कप, प्लेट, बॉटल. मग बसस्टँडवर चला: बस, कंडक्टर, टिकीट, सीट, पास, लेट. दवाखान्यात डॉक्टर, नर्स, बीपी, शुगर, इंजेक्शन, एक्सरे, रिपोर्ट. कारखान्यात शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, सुपरवायझर, ड्रिल, कास्टिंग. यादी शंभराच्या पुढं सहज जाते. ज्या काकू "मला एक शब्द येत नाही" म्हणत होत्या, त्यांनी स्वतः वीस-पंचवीस शब्द दिलेले असतात. हा कागद काढू नका, पुढं रोज लागणार आहे.

यातले काही शब्द बाहेरच्या माणसाशी बोलताना बदलावे लागतात, ते तेव्हाच सांगून टाका. आपण 'कटिंग' करायला जातो, बाहेर त्याला 'हेअरकट' म्हणतात. मोबाईलला 'रेंज' नाही असं आपण म्हणतो, तिथं 'नेटवर्क' किंवा 'सिग्नल' म्हणावं. पण अशा शब्दांची लांबलचक यादी करून लोकांना घाबरवू नका.

दुसरी पायरी: अडल्यावर सोडवणारी वाक्यं

बरेच जण 'माय नेम इज' पासून सुरू करतात. मी त्याआधी ही वाक्यं घ्यायला सांगेन:

सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड.
प्लीज से अगेन.
स्लोली, प्लीज.
वन मिनिट, प्लीज.
डू यू स्पीक मराठी?

नवशिक्याची खरी भीती बोलण्याची नसते. समोरचा भडाभडा बोलत सुटला तर काय करायचं, याची असते. ही वाक्यं जिभेवर असली की माणूस समोरच्याला थांबवू शकतो आणि तोंड उघडायला धजतो. कन्नडमध्ये "गोत्तिल्ल" (माहीत नाही) हा शब्द सगळ्यांनी पहिल्यांदा शिकला तो याचसाठी.

सराव असा घ्या. तुम्ही मुद्दाम वेगानं इंग्रजी बोला आणि समोरच्यानं तुम्हाला थांबवायचं.

"हॅलो मॅडम, युवर सिलेंडर विल कम टुमारो मॉर्निंग."
"स्लोली, प्लीज."
"युवर सिलेंडर... टुमारो... मॉर्निंग."
"आक्का, काय कळलं?"
"सिलेंडर कळलं. उद्या का?"
"होय की, उद्या सकाळी!"

पूर्ण वाक्य कळायची गरज नाही. सिलेंडर कळलं, उद्या कळलं, काम झालं. एका शब्दावरून अंदाज बांधण्याची ही सवय कन्नड शिकतानाही लागली होती, ती इथं मुद्दाम जागी करायची.

तिसरी पायरी: साचा द्या, शब्द बदला

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खरी अडचण इथंच आहे.

मराठीत आपण म्हणतो, मला चहा पाहिजे. कन्नडमध्ये म्हणतो, नंग चहा बेक. शब्दाला शब्द लागतो, क्रम तोच. म्हणून मराठी माणसाला कन्नड वाक्य जुळवायला फार त्रास झाला नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद मधे येतं: आय वॉन्ट टी. 'मला, पाहिजे, चहा' अशी मांडणी. हा बदल तोंडी समजावून फारसा कळत नाही, तो डोळ्यांना दाखवावा लागतो.

तीन जणांना उभं करा. एकाच्या हातात 'मला', दुसऱ्याच्या हातात 'चहा', तिसऱ्याच्या हातात 'पाहिजे' अशी कार्डं द्या. वाचता येत नसेल तर स्वतःकडे दाखवणारं बोट, कप आणि पसरलेला हात अशी चित्रं काढा. आधी मराठी क्रमानं उभं राहून वाक्य म्हणायचं. मग 'पाहिजे'वाल्यानं मधे यायचं, 'चहा'वाल्यानं शेवटी जायचं आणि इंग्रजीत म्हणायचं: आय वॉन्ट टी. आता चहाच्या जागी दुसरा माणूस येईल: आय वॉन्ट टिकीट, आय वॉन्ट रिपोर्ट, आय वॉन्ट चेंज. भिंतीवरच्या कागदावरचे शब्द एकेक करून या जागेत बसवत जा. एक साचा आला की दहा-वीस वाक्यं हाताशी येतात आणि माणसाचा चेहरा खुलतो.

आठवड्याला एक, फार तर दोन साचे घ्या. माझा क्रम असा: आय वॉन्ट, व्हेअर इज, हाऊ मच इज धिस, आय हॅव, आय ॲम फ्रॉम, धिस इज माय. त्यानंतर 'आय डोन्ट वॉन्ट' आणि 'आय डोन्ट हॅव' असे नकार. प्रत्येक साचा त्या माणसाच्या पानावरच्या तीन जागांशी जोडा. गोव्याला जाणाऱ्या पोराकडून "आय वॉन्ट टी" दहा वेळा वदवून घेण्यापेक्षा गिऱ्हाईक काय बोलेल आणि त्यानं काय म्हणायचं, "यस सर, टू टी, वन कॉफी" हे वदवून घ्या. दुकानात मागताना नुसतं 'आय वॉन्ट' तुटक वाटतं, म्हणून शेवटी 'प्लीज' लावायची सवय पहिल्यापासून लावा.

'आय हॅव' शिकवताना सावकाश जा. मराठीत मला ताप आहे, माझ्याकडे आधार कार्ड आहे, मला दोन मुली आहेत, अशी वाक्यं वेगवेगळी वळणं घेतात. इंग्रजीत ती सगळी एकाच साच्यात बसतात: आय हॅव फीव्हर, आय हॅव आधार कार्ड, आय हॅव टू डॉटर्स. हे कळल्यावर लोकांना हायसं वाटतं. पण लगेच कुणीतरी "मला भूक लागली" त्यातच घालतं. तिथं 'आय ॲम हंग्री' हे वाक्य तसंच्या तसं पाठ करून घ्या, कारण समजावत बसू नका.

शाळेत थोडं शिकलेल्यांना आणखी एक खोड असते. प्रत्येक वाक्याला 'आय ॲम' चिकटवायचं: आय ॲम वॉन्ट टी, आय ॲम गो मार्केट. त्यांना एवढंच सांगा की 'आय ॲम'च्या पुढं आपण कोण, कुठले, कसे आहोत तेवढंच बोलायचं. आय ॲम सुनीता. आय ॲम फ्रॉम नंदगड. आय ॲम फाइन. बाकी ठिकाणी नुसतं 'आय'.

'अ' आणि 'द' या छोट्या शब्दांना पहिले काही महिने हात लावू नका. "आय वॉन्ट टिकीट" म्हटल्यानं काम अडत नाही. ऐकून ऐकून ते पुढं आपोआप थोडे थोडे येतात.

'यू' हा शब्द मोठ्यांच्या तोंडातून लवकर निघत नाही. डॉक्टरांना, साहेबांना 'यू' म्हणणं त्यांना 'तू' म्हटल्यासारखं वाटतं. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या तिघांना 'यू'च आहे, मान 'सर', 'मॅडम' आणि 'प्लीज'मधून दाखवायचा असतो, हे एकदा मोकळेपणानं सांगा.

बोलायला लाजणाऱ्यांसाठी

प्रत्येक वर्गात एखादी बाई अशी असते की ती सगळं ऐकते, पण बोलत नाही. तिला उभं करून बोलायला लावणं हा अन्याय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली: शिकवणाऱ्यानं आज्ञा द्यायची, शिकणाऱ्यानं फक्त ती करायची. बोलणं मागून येतं. आपल्या चौकातही ती छान चालते. स्टँड अप. सिट डाऊन. ओपन द डोअर. क्लोज द डोअर. गिव्ह मी द पेन. पुट द कप ऑन द टेबल. पहिल्यांदा तुम्ही स्वतः करून दाखवा, मग दोघी मिळून करा, मग नुसतं बोला. काही दिवसांनी वस्तू बदला: पुट द पेन इन द कुकर. हसू फुटतं आणि न बोलणारी बाईही कुकरकडे हात नेते, म्हणजे तिला कळलेलं असतं. त्यानंतर एक दिवस ती स्वतःच दुसऱ्याला आज्ञा देते. तोवर वाट बघा.

आकडे: इथं कन्नड मदतीला येते

आकड्यांवर मी वेगळा आठवडा देईन, कारण ओटीपी, मोबाईल नंबर, भाव, तारीख सगळं त्यावर चालतं.

मराठीत आपण पंचवीस, पंचेचाळीस म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस किंवा चाळीस. इंग्रजीत आधी दशक, मग एकक: ट्वेंटी फाइव्ह, फॉर्टी फाइव्ह. मराठीतून इंग्रजीत जाताना ४५ चे ५४ होतात ते यामुळं. कन्नडमध्ये मात्र इप्पत्तैदु, नलवत्तैदु, म्हणजे आधी वीस, मग पाच. इंग्रजीसारखंच. ज्यांना बाजारातले कन्नड आकडे येतात त्यांनी मनात कन्नड आकडा आणून इंग्रजी बोलून बघावं, पुष्कळांना वाट सोपी होते.

सुरुवात शून्य ते नऊने करा आणि तिथं पुरेसं थांबा. ओटीपी आणि फोन नंबर सांगायला एवढे दहा आकडे पुरतात. बेळगावचा पिनकोड ५९०००१ घ्या: फाइव्ह, नाइन, ट्रिपल झिरो, वन. 'डबल' आणि 'ट्रिपल' इथंच येऊन जातात. शून्याला काही लोक 'ओ' म्हणतात, तेही कानावर घाला.

थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत भाव ठरवताना मोठी गफलत होते. थर्टीनमध्ये जोर शेवटच्या 'टीन'वर आणि तो लांबवायचा, थर्टीमध्ये जोर पहिल्या 'थर'वर. टाळी वाजवून शिकवा: जोर असेल तिथं टाळी. खात्री करायची असेल तर ग्राहकानं उलट विचारावं, "वन थ्री, ऑर थ्री झिरो?" हे एक वाक्य खिशातले पैसे वाचवतं.

ऐकण्याच्या सरावासाठी बेळगाव रेल्वे स्टेशन उत्तम जागा आहे. तिथं एकच घोषणा कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होते. गाडीचा नंबर पाच आकड्यांचा असतो आणि एकेक आकडा सुटा वाचतात. बेंगळूरहून मिरजेकडे येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस १६५८९: वन, सिक्स, फाइव्ह, एट, नाइन. हिंदीतून अर्थ कळलेलाच असतो, इंग्रजी घोषणेतले ओळखीचे शब्द आणि आकडे टिपायचे. कुणी कुठं प्रवासाला निघालं की त्याला हे काम जरूर द्या.

अक्षरं: अर्धी आधीच येतात

अक्षरं तोंडी काम सुरू झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या. इथंही पाटी कोरी नसते. गावात सगळे रोज म्हणतात: एटीएम, ओटीपी, बीपीएल, पीडीओ (ग्रामपंचायतीचा अधिकारी), एसएसएलसी (दहावी), पीयूसी (अकरावी-बारावी), जुनी केईबी (वीज मंडळ) आणि गाडीच्या पाटीवरचं केए. एवढ्या शब्दांत २६ पैकी १३ अक्षरांची नावं येऊन गेली. आता फक्त नाव आणि आकार यांची गाठ घालायची. ईएमआय, जीएसटी, एनएच, आरटीओ घेतले की आय, जी, एन, एच, आर हीही हातात येतात.

फक्त मोठी अक्षरं घ्या. पाट्यांवर, नंबरप्लेटवर, फॉर्मवर बहुतेक तीच असतात. बेळगावच्या गाडीवर केए २२, चिकोडीकडच्या गाडीवर केए २३, शेजारून येणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीवर एमएच ०९. रस्त्याच्या कडेला उभं राहून नंबरप्लेट वाचण्याचा खेळ आजी आणि नातू मिळून खेळू शकतात. छोटी अक्षरं महिनाभरानं घेतली तरी बिघडत नाही.

अक्षरं आली की पहिला उपयोग औषधाच्या पट्टीवर करा. ईएक्सपी म्हणजे कधीपर्यंत चालेल, एमएफजी किंवा एमएफडी म्हणजे कधी बनलं, एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. तारीख बहुधा महिना आणि वर्ष अशी असते. चिठ्ठीवर ओडी असेल तर दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. औषध घेताना दुकानदाराला विचारून खात्री करायचीच, पण आपल्यालाही कळत असलं की विचारायला धीर येतो. माझ्या मते सगळ्या वर्गातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. घरात तो म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीशी जोडलेला असतो.

उच्चारात फार खोल जाऊ नका. दोनच गोष्टी नेटानं करून घ्या. एक, 'ॲ' आणि 'ए' यांतला फरक. बऱ्याच जणांच्या तोंडी पेन आणि पॅन कार्डातलं पॅन सारखंच येतं, बँकेत तिथं घोटाळा होतो. दुसरं, शब्दाचा शेवट गिळायचा नाही: टू बॅग्ज, टेन रुपीज. बाकी आपल्या बोलीचा हेल राहिला तर राहू दे.

एक बैठक कशी असावी

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बस्स. दिवसभर विड्या वळून किंवा मागावर उभं राहून आलेल्या माणसाला त्यापेक्षा जास्त सोसत नाही. पहिली दहा मिनिटं मागच्याची उजळणी, मग एक साचा किंवा सात-आठ नवे शब्द, मग जोडीनं बोलणं, शेवटी आज्ञांचा खेळ. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा चार दिवस थोडं थोडं बसा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून आजचे शब्द आज झोपताना एकदा, उद्या एकदा, मग तीन दिवसांनी आणि आठवड्यानं पुन्हा निघाले पाहिजेत. त्यासाठी भाकरी थापताना, दळण आणायला जाताना म्हणायचा एकच साचा घरी द्या. लेखी अभ्यास देऊ नका, तो होत नाही आणि न झाल्याच्या संकोचानं माणूस वर्गाला येणं बंद करतो.

चूक झाली की तिथंच तोडू नका. "आय ॲम वॉन्ट चहा" अशा धर्तीचं अर्धंमुर्धं वाक्य आलं तर "ओके, यू वॉन्ट टी" असं बरोबर रूप सहज म्हणा आणि पुढं जा. सासू आणि सून एकाच वर्गात असतील तर त्यांची जोडी लावू नका. सून पुढं गेली की दोघीही अवघडतात. घरातल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना आधीच बजावून ठेवा: आजीच्या उच्चाराला हसायचं नाही, विचारलं तर सांगायचं.

महिना-दीड महिन्यानं खरा वापर सुरू करा. आधी फोनवर: तुम्ही दुसऱ्या खोलीतून कस्टमर केअरवाले होऊन फोन करा, कारण समोर चेहरा आणि हातवारे नसले की भाषा जास्त कठीण जाते. ओटीपी कुणालाही फोनवर सांगायचा नाही, हेही याच खेळात पक्कं करून घ्या: "सॉरी, नो ओटीपी." मग परगावच्या नातवंडांना फोन, मग मॉलमध्ये किंवा विमानतळावर सोडायला गेल्यावर एखादा प्रश्न. प्रत्येकानं परत येऊन काय विचारलं, काय उत्तर आलं आणि कुठं अडलं ते वर्गात सांगावं. जे अडलं तेच पुढच्या बैठकीत शिकवायचं आणि त्याच्या पानावर चौथी जागा म्हणून लिहायचं.